दुकानाची घडी आणि यंत्राची गति

शहरांतील कोणत्याहि गल्लींत वाण्याच्या, भाजीवाल्याच्या किंवा शिंप्याच्या दुकानापुढें उभें राहिलें असतां काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन गल्ल्याजवळ लावलेला आज दृष्टीस पडतो. गिऱ्हाईक आपला मोबाईल त्या चौकोनापुढें धरतें, रक्कम व गुप्त क्रमांक घालतें, आणि पैसे जमा झाल्याची घोषणा फळीवरील एका लहानशा डबींतून होते. यूपीआय ही व्यवस्था भारतांत २०१६ सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं ज्यानें बँकेचें यंत्र कधीं दुकानांत आणलें नव्हतें, असा दुकानदारहि थोड्याच वर्षांत तिच्या साह्यानें व्यवहार करूं लागला. सुट्या पैशांची कटकट कमी झाली, खोट्या नोटेची धास्ती कमी झाली, आणि दुकान आधुनिक झालें असा समज सार्वत्रिक झाला.

हा समज कितपत खरा आहे, हें तपासून पाहणें अगत्याचें आहे. कारण पैसे घेण्याची रीत बदलली म्हणजे धंदा चालविण्याची रीत बदलली, असें होत नाहीं. चौकोन लावलेल्या दुकानांतहि मालक रात्रीं हिशेब जुळवितांना गोंधळतो. वरच्या फडताळावर मुदत संपलेला माल धूळ खात पडतो, आणि जी वस्तु दररोज दहा माणसें मागतात नेमकी तीच संपलेली असते. उधारी कोणाकडे किती, हें थोडें वहींत असतें आणि थोडें मालकाच्या डोक्यांत. ‘आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें’ ही म्हण येथें यथार्थपणें लागू पडते. जातें हातानें फिरविलें काय किंवा विजेवर फिरविलें काय, कुत्र्याला हांकलणारा कोणी नसेल, तर विजेच्या जात्यानें पीठ अधिक लवकर नाहींसें होईल, इतकाच फरक!

हा प्रश्न केवळ दुकानदाराचा नव्हे. घरबसल्या मागविलेलें सामान कांहीं मिनिटांत दारीं आणून देणाऱ्या मोठ्या कंपन्या शहरांतून उभ्या राहिल्या आहेत. कोणती वस्तु कोणत्या फळीवर आहे, किती आहे आणि कधीं संपेल, हें त्यांना क्षणोक्षणीं ठाऊक असतें. कोपऱ्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकाला नांवानें ओळखतो, हें त्याचें बळ; परंतु वस्तूच मिळत नसेल, तर ओळखीच्या बळावर गिऱ्हाईक किती दिवस टिकेल? कित्येक कुटुंबांचा चरितार्थ ज्या दुकानांवर चालतो आणि कित्येक घरांची सोय ज्यांच्यामुळें होते, त्यांचें भवितव्य या साध्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.

यंत्र आणि व्यवस्था यांचें नातें काय असतें, याचें एक बोलकें उदाहरण लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीच्या इतिहासांत सांपडतें. चहाचीं दुकानें चालविणें आणि स्वतःच्या भट्ट्यांत भाजलेला पाव व केक विकणें हा या कंपनीचा धंदा. एका गिऱ्हाइकामागें सुटणारा नफा अगदीं थोडा, पण गिऱ्हाइकांची संख्या अफाट. यामुळें प्रत्येक लहान विक्रीमागचा कारकुनी खर्च जरा वाढला, तरी सारा नफा कागदांतच विरून जावयाचा. १९२३ सालीं जॉन सिमन्स हा केंब्रिजमध्यें गणित शिकलेला तरुण तेथें नोकरीस लागला. पुढें कित्येक वर्षें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं कचेरींतील कामांची पद्धतशीर तपासणी केली आणि तीं अधिक सोपीं व नेटकीं केलीं. त्यानंतर, १९४७ सालीं, कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेस गेले व तेथें नव्यानें निर्माण होत असलेल्या विद्युत्संगणकांची माहिती घेऊन आले. केंब्रिज विद्यापीठांत चाललेल्या तशाच प्रयत्नास कंपनीनें पैशाचें साह्य दिलें, आणि अखेर स्वतःच ‘लिओ’ नांवाचा संगणक बांधला. नोव्हेंबर १९५१ मध्यें त्यानें भट्टींतील मालाच्या मूल्याचा हिशेब केला. कचेरीचें नित्याचें काम संगणकाकडून करून घेण्याचा जगांतील आरंभ तोच मानला जातो. चहा-केक विकणाऱ्यांनीं हा मान मिळवावा, याचें प्रथम नवल वाटतें. परंतु त्यामागची इतक्या वर्षांची पूर्वतयारी ध्यानांत घेतली म्हणजे नवल उरत नाहीं. यंत्राला काय सांगावयाचें, हें त्या मंडळींना यंत्र येण्यापूर्वींच ठाऊक होतें.

पुढें १९५४ मध्यें चहाच्या दुकानांच्या दैनंदिन मागणीचें कामहि लिओकडे आलें. त्याची रीत लहानांत लहान दुकानदारानेंहि ध्यानांत ठेवावी अशी आहे. प्रत्येक दुकानाची नेहमींची मागणी आधींच नोंदलेली असे, आणि दुकान सांभाळणारी बाई टेलिफोनवरून केवळ फरक कळवीत असे: आज हा पदार्थ इतका अधिक, तो इतका कमी. जें नेहमींचें आहे तें पुन्हां पुन्हां सांगण्यांत कोणाचाच वेळ जात नसे.

हा नियम आपल्याकडील वाण्याला जसाच्या तसा उपयोगीं पडतो. मध्यमवर्गीय कुटुंबांतून महिन्याच्या वाणसामानाची यादी पाठविण्याची चाल जुनी आहे. त्या यादींतील बहुतेक जिन्नस दरमहा तेच असतात: तांदूळ, तूरडाळ, गूळ, चहा, साबण. तरीहि ती यादी दर महिन्याला नव्यानें लिहिली जाते, नव्यानें वाचली जाते, आणि एखादा जिन्नस हटकून राहून जातो. दुकानदारानें प्रत्येक घराची नेहमींची यादी एकदां नोंदवून ठेवावी, आणि महिनाअखेरीस मोबाईलवरून ती पाठवून ‘यांत काय कमी-जास्त करावयाचें?’ एवढेंच विचारावें. गृहिणीचा वेळ वांचेल, दुकानदाराचा वेळ वांचेल. शिवाय पुढील महिन्यांत कोणता माल किती लागणार, याचा अंदाज घाऊक खरेदीपूर्वींच हातीं येईल. याला नवें यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं. खिशांतला मोबाईल पुरतो.

लायन्सची गोष्ट कागदांच्या व्यवस्थेची झाली. मालाच्या व्यवस्थेची गोष्ट जपानांत घडली, आणि दुकानांतल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाचें मूळ तिच्यांतच आहे. टोयोटा या मोटारींच्या कारखान्यांतील ताइइचि ओनो या अभियंत्याला अमेरिकेंतील मोठ्या किराणा दुकानांची एक रीत मोलाची वाटली. गिऱ्हाइकानें फळीवरून जितका माल उचलला, तितकाच तेथें पुन्हां भरावयाचा, ही ती रीत. तिच्या धर्तीवर त्यानें कारखान्यांत चिठ्ठ्यांची पद्धति रूढ केली. सुट्या भागांच्या पेटीबरोबर एक चिठ्ठी असावयाची. पुढच्या कामगारानें पेटी वापरावयास घेतली म्हणजे ती चिठ्ठी मागें जावयाची, आणि चिठ्ठी आली तरच तितके भाग नव्यानें तयार व्हावयाचे. या चिठ्ठीला जपानी भाषेंत ‘कानबान’ म्हणतात. अंदाजानें ढीग रचून ठेवण्याची संवय या चिठ्ठीनें मोडली.

पुढें सुट्या भागांचे प्रकार इतके वाढले कीं, त्यांची माहिती उभ्या रेघांच्या जुन्या खुणेंत मावेनाशी झाली. तेव्हां टोयोटाला भाग पुरविणाऱ्या डेन्सो या उद्योगांत मासाहिरो हारा व त्याचे सहकारी यांनीं १९९४ सालीं क्यूआर हा चौकोन शोधून काढला. रेघांच्या खुणेंत जेमतेम वीस अक्षरें मावत. चौकोनांत सुमारें सात हजार अंक मावूं लागले. शोध लावणाऱ्यांनीं इतरांना तो मुक्तपणें वापरूं दिला, म्हणून तो जगभर पसरला व अखेर आपल्या गल्लींतहि आला. म्हणजे हा चौकोन जन्मला तो पैसे घेण्यासाठीं नव्हे. कोणता माल कोठें आहे व किती आहे, हें जाणण्यासाठीं तो जन्मला. आपण त्याच्याकडून पैसे घेण्याचें काम करून घेतलें, पण ज्या शिस्तींतून तो निपजला ती शिस्त दाराबाहेरच राहिली.

ती शिस्त आंत आणण्यास खर्च फारसा नाहीं. खिळे, बटणें, दोरे अशा बारीक मालाचे दोन डबे ठेवावेत. पहिला डबा संपून दुसरा उघडला कीं त्याच दिवशीं मागणी नोंदवावी. बांधीव पुड्यांच्या मालासाठीं चिठ्ठी वापरावी. समजा, एका प्रकारच्या चहाचे दररोज चार पुडे खपतात, आणि घाऊक व्यापाऱ्याकडून माल येण्यास तीन दिवस लागतात. तीन दिवसांचे बारा पुडे व एका दिवसाची गंगाजळी म्हणून चार, असे सोळा पुडे शिल्लक उरतील त्या जागीं फळीवर एक रंगीत चिठ्ठी उभी करावी. विकतां विकतां चिठ्ठी हातीं आली, कीं मागणीची वेळ झाली. दुकानांत नवा आलेला पोऱ्याहि ती ओळखूं शकतो. मालकाच्या स्मरणशक्तीवर कांहींच अवलंबून राहत नाहीं. सणासुदीस खप बदलतो, तेव्हां चिठ्ठीची जागाहि बदलावी, हें ओघानेंच आलें.

याचा पैशाशीं संबंध किती निकट आहे, तें साध्या गणितानें कळेल. एखाद्या दुकानांत चार लक्ष रुपयांचा माल सदोदित भरलेला असतो, आणि तो सरासरी ६० दिवसांनीं विकला जातो असें धरूं. विक्री तेवढीच ठेवून तो काळ ४५ दिवसांवर आणला, तर तीन लक्षांच्या मालावर काम भागतें. एक लक्ष रुपये मोकळे होतात. ते वर्षाला शेंकडा १२ व्याजानें घेतलेले असतील, तर वर्षाचे १२,००० रुपये वांचले. बँकेकडे नवें कर्ज मागण्यापूर्वीं आपल्याच फडताळावर किती कर्ज अडकून पडलें आहे, हें पाहणें शहाणपणाचें ठरेल.

मालाच्या खालोखाल विचार करावयाचा तो गल्ल्याचा. येथें पहिला नियम असा कीं, घराचा बटवा आणि दुकानाचा गल्ला हे निराळे असावेत. जुन्या पेढ्यांवर मालकालाहि घरखर्चासाठीं पैसे घ्यावयाचे झाल्यास ते त्याच्या नांवें उचल म्हणून लिहिले जात. चौकोनानें ही शिस्त नकळत ढिली केली आहे. पुष्कळ ठिकाणीं तो मालकाच्या खाजगी खात्याशीं जोडलेला असतो. त्याच खात्यांतून मुलाची फी भरली जाते, विजेचें बिल दिलें जातें, आणि बहिणीला ओवाळणीहि पाठविली जाते. महिनाअखेरीस शिल्लक दिसते खरी; पण ती धंद्यानें मिळविलेली आहे, कीं घाऊक व्यापाऱ्याचें देणें थकल्यामुळें उरलेली आहे, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. दुकानाच्या नांवें बँकेंत निराळें खातें उघडणें, चौकोन त्याला जोडणें, आणि दरमहा ठराविक रक्कम घरासाठीं उचलणें, एवढ्यानें हा घोटाळा मिटतो.

दुसरा नियम रोजच्या रोज रोजमेळ लिहिण्याचा. रात्रीं चार आंकडे लिहावेत: एकूण विक्री, रोख आलेली रक्कम, खात्यावर आलेली रक्कम, आणि उधार दिलेला माल. उदाहरणार्थ, विक्री १२,५०० रुपये असेल, व तींत रोख ४,२००, खात्यावर ६,९०० आणि उधार १,४०० असेल, तर मेळ बसला. मेळ न बसल्यास चूक त्याच रात्रीं शोधावी. आठ दिवसांनीं ती सांपडत नाहीं. जुनी उधारी वसूल झाली तर ती निराळी लिहावी, कारण ती आजची विक्री नव्हे. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईंत गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापडांचा उद्योग आरंभिला, तोच पुढें लिज्जत या नांवानें देशभर पसरला. तयार पीठ न्यावें, लाटलेले पापड आणून द्यावेत आणि त्याची मजुरी घ्यावी, हा तेथील रिवाज. केलेलें काम आणि त्याचा मोबदला यांत फार अंतर पडूं न देण्याची ही रीत कोणत्याहि यंत्राहून जुनी आहे, आणि कोणत्याहि धंद्याला लागू आहे.

उधारीविषयीं मात्र थोडें विस्तारानें बोलणें प्राप्त आहे. ‘आज रोख, उद्यां उधार’ अशी पाटी टांगणाऱ्या दुकानदारालाहि शेजारधर्म सुटत नाहीं, आणि सुटूंहि नये. उधारी देण्यांत दोष नाहीं; ती तारीख घालून न लिहिण्यांत दोष आहे. जी उधारी लिहिली जाते व महिन्याच्या ठराविक दिवशीं सौम्य शब्दांत कळविली जाते, ती सहसा बुडत नाहीं आणि संबंधहि बिघडवीत नाहीं.

जे लहान कारखानदार किंवा सेवा पुरविणारे मोठ्या कंपन्यांना माल देतात, त्यांचें दुःख याहून मोठें आहे. गिऱ्हाईक आपल्याहून शंभरपट बलवान, आणि बिलाचा तगादा लावला तर पुढचें काम हातचें जाईल ही भीति त्यांचें तोंड बंद करते. यांच्यासाठीं २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानें स्पष्ट तरतूद केली आहे. करारांत कोणतीहि मुदत घातली, तरी सूक्ष्म वा लघु उद्योगाचें देणें माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आंत दिलें पाहिजे. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढीनें, व्याज द्यावें लागतें. आणि तंटा उद्भवल्यास राज्य सरकारनें स्थापिलेल्या सुविधा परिषदेकडे दाद मागतां येते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते. ती आधींच करून ठेवणें श्रेयस्कर. पण कायदा पुरावा मागतो. माल पोंचविल्यावर चलनावर सही व तारीख घ्यावी, त्याचें छायाचित्र तेथल्या तेथें मोबाईलनें काढावें, आणि तिसाव्या दिवशीं आठवण करून देण्याची सूचना त्याच मोबाईलमध्यें घालून ठेवावी. तारखेचा विसर न पडणें, हा यंत्राचा मोठा गुण आहे. आणि तारीख दाखवून मागितलेल्या पैशाला याचनेचें स्वरूप राहत नाहीं.

एवढी घडी बसल्यावर नवें यंत्र, नवें ॲप किंवा संगणकावरील हिशेबाची नवी प्रणाली घ्यावयाची झाल्यास निवड कठीण जात नाहीं. विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो असा: हें आल्यावर आमच्या दुकानांतील कोणती वही बंद होईल? एकहि वही बंद होत नसेल, तर यंत्र काम वाढवावयास येत आहे असें समजावें. एका वेळीं एकच काम यंत्राकडे द्यावें, आणि महिनाभर जुनी वही व नवें यंत्र जोडीनें चालवावें. दोहोंचे आंकडे जुळले म्हणजे वही मिटावी. आपले हिशेब त्यांतून केव्हांहि बाहेर काढतां येतात कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें, आणि त्यांची एक प्रत निराळ्या जागीं ठेवावी. यंत्र चालविण्याचें ज्ञान दुकानांतील किमान दोन माणसांना असावें. नाहींतर मालकाला ताप आला कीं दुकानालाहि ताप यावयाचा.

सावधगिरीचे नियम थोडे आहेत, पण ते मोडणाराला क्षमा नाहीं. पैसे घेण्यासाठीं गुप्त क्रमांक कधींच लागत नाहीं, तो केवळ देण्यासाठीं लागतो. पैसे पाठवितों म्हणून जो क्रमांक घालावयास सांगतो, तो ठकच समजावा. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरील चित्र पाहून माल देऊं नये. आपल्या खात्यावर रक्कम आल्याची खात्री करावी. फसवणूक झालीच, तर लाजून न बसतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

शेवटीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. या साऱ्या खटाटोपानें दुकानदाराचा दिवसाकाठीं तास-दीड तास मोकळा झाला, तर त्या वेळाचें काय करावयाचें? तो वेळ पुन्हां यंत्राच्या पडद्याकडे पाहण्यांत गेला, तर कमाई कांहींच झाली नाहीं. आजीबाईंना कोणता तांदूळ चावतां येतो, कोणत्या घरीं नवें बाळ आलें आहे, कोणाची नोकरी गेल्यामुळें या महिन्यांत उधारीची मुदत वाढवावयास हवी, हें कोठल्याहि चौकोनांत मावत नाहीं. तें जाणण्यासाठीं दुकानदाराला मान वर करून गिऱ्हाइकाशीं दोन शब्द बोलण्याची सवड पाहिजे. मालाची मोजदाद चिठ्ठीनें करावी, तारखा यंत्रानें लक्षांत ठेवाव्यात, आणि माणसांची ओळख माणसानें ठेवावी. ज्या दुकानांत या तिन्ही गोष्टी आपापल्या जागीं आहेत, त्याला शेजारीं मोठें दुकान उघडलें म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं.